विमलसेनचा शनिवार

विमलसेनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्टुलावर उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाला सिंहलीत शिव्या घालत होता. घड्याळ चार मिनिटं मागे होतं. मला पाहून तो खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "सॉरी मिस. सांगून ऐकत नाही ते."

मस्कतमध्ये दारसैतला आमची शाळा होती, तिथे तो प्रयोगशाळेचा शिपाई. श्रीलंकेतल्या कुरुनेगलचा. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर त्याचं अक्षर छापल्यासारखं असे. रागवायचा तो वस्तूंवरच: घट्ट बसलेल्या बुचावर, गळक्या नळावर. माणसांशी बोलताना त्याचा आवाज कधी चढला नाही. त्याची बायको कुमुदिनी सिदाबला एका ओमानी घरात कामाला होती, राहायलाही तिथेच. शुक्रवारी त्या घरी सगळा गोतावळा जेवायला येई, म्हणून तिला सुट्टी गुरुवारी. शाळा गुरुवारी आणि शुक्रवारी बंद. म्हणजे आठवड्यातला गुरुवार तेवढा दोघांचा. अकरा वर्षं ती दोघं रियामच्या बागेत, एकाच बाकावर बसून डब्यातला भात नि सुक्या मासळीचं कालवण खात आली होती.

२०१३च्या मे महिन्यात देशाने आठवड्याची सुट्टी बदलली. गुरुवार गेला, शनिवार आला. नोटीस स्टाफरूममध्ये लागली, आम्ही शिक्षक खूश झालो. शिपायांना सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही.

पहिल्याच शनिवारी माझे पाय सवयीने शाळेकडे वळले. फाटक बंद. बाहेर विमलसेन उभा, आत बलुची पहारेकरी खुर्चीत पाय पसरून बसलेला.

"गुरुवारी कुठे होतास, राजे? साहेबांनी खाडा लावलाय."

"गुरुवारी सुट्टी असते."

"असायची. आता आज असते. जा, फिरून ये, मजा कर!"

विमलसेन माझ्याकडे वळला. "मिस, तुम्हाला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तरी आज आलात?"

"सवय रे."

"तुमची सवय मोडली तर एक फेरी फुकट जाते. माझी मोडली तर बायको जाते."

तो तरातरा चालू लागला. मला त्याला एकटं सोडवेना. कुठे जायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मासळीबाजारात शिरलो, तिथे त्याने एका सुरमईकडे रोखून पाहत "तुझे डोळे शिळे आहेत" असं तिलाच सुनावलं. मत्राहच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, लोबानाच्या धुराने ठसका लागला, तर धुराला झापलं. समुद्राकाठच्या रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. गावात इतकी वर्षं काढून त्याने हे काही धड पाहिलेलंच नव्हतं. पाहायचा दिवस बाकावर जायचा, शुक्रवार धुण्या-झोपण्यात.

रियामला त्या बाकावर एक कुटुंब कलिंगड कापत बसलं होतं. तो तिथूनच मागे फिरला. मग हात करून त्याने टॅक्सी थांबवली. "सिदाब."

ओसरीवर घरची म्हातारी आजी गादीवर बसली होती. शेजारी मालकीण, जुवैना. आल्या माणसाला कॉफी द्यायचीच, हा त्या घरचा नेम. तबक घेऊन कुमुदिनीच बाहेर आली.

विमलसेन मोडक्या अरबीत म्हणाला, "मॅडम, हिची सुट्टी शनिवारी करा."

"शनिवारी मी घरी, मुलं घरी. मला ती हवी. गुरुवारच ठीक आहे."

"गुरुवारी मला शाळा आहे."

"ते तुझ्या शाळेला सांग, भाऊ. कॉफी घे."

विमलसेनने कप घेतला आणि तोंडाला न लावता समोर ठेवून दिला. ठक्कन. पहिल्यांदाच मी त्याला माणसावर रागावलेला पाहत होते.

म्हातारी सरळ होऊन बसली. तिचं माहेर वाळवंटातलं. तिकडे पाहुणा कप न पिता खाली ठेवतो तेव्हा त्याचं काही मागणं असतं. ते पुरं झाल्याशिवाय तो पीत नाही, आणि तो तसाच उठून गेला तर घराची अब्रू जाते. मला हा रिवाज ठाऊक होता, विमलसेनला नव्हता. त्याने कप निव्वळ रागाने ठेवला होता. मी गप्प राहिले.

"काय मागतोय हा?" आजीने विचारलं.

"काही नाही हो, नोकरांचं आपलं..." जुवैना पुटपुटली.

"कप दिसत नाही तुला? माझ्या ओसरीवर कॉफी गार होतेय!" आणि त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "पी बाळा. शनिवार तुझा."

त्याला काही कळेना. कुमुदिनी सिंहलीत दबक्या आवाजात बोलली, "प्या ना आता! का घालवता?" तेव्हा तो प्यायला.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला रिवाज सांगितला. वाटलं, हसेल. तो आणखीच भडकला. "म्हणजे मी तोंडाने मागितलं तर नाही, आणि कपाने मागितलं तर हो? मिस, मी माणूस आहे की कप?"

तीन वर्षं त्यांना शनिवार मिळाले. मग शाळेने शिपायांचं काम ठेकेदाराला दिलं आणि जुन्या लोकांना महिन्याभरात परत पाठवलं. तीही नोटीस स्टाफरूममध्येच लागली होती. या खेपेला मी ती काढून प्रयोगशाळेत नेऊन त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाला, "माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय."

विमलसेन आता कुरुनेगलला सायकली दुरुस्त करतो. कुमुदिनी सिदाबच्या त्याच घरात आहे. तिची सुट्टी अजून शनिवारी असते.