दोन घरांचं जाळं

आम्ही तापीकाठच्या प्रकाशा गावचे भोई. पावसाळा ओसरला की तापीच्या डोहात शिंगाळे लागायचे. लांब मिशांचा मासा, काटा असा की तळहात फाडतो. त्याला जाड सुताचं, घरीच विणलेलं जाळं लागे. पण अख्खी तापी काही एका घराच्या जाळ्यात मावत नसे. अर्धं जाळं माझं, अर्धं माझ्या मेहुण्याचं, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. दसऱ्याला दोन्ही अर्धी जोडायची आणि ती शिवण बाईनेच घालायची, असा आमच्यात रिवाज. आमची शिवण बहीण घाली, कारण ती दोन्ही घरांची. तिची गाठ अशी आडवळणाची की आम्हा पुरुषांना कधी सुटली नाही. मेहुणा हसायचा, "तुन्ही बहीनना सभाव आनि तिनी गाठ, एकच शे."

पुढे शहाद्याकडचा एक व्यापारी नायलॉनची जाळी घेऊन आला. हलकी, न कुजणारी, या काठापासून त्या काठापर्यंत पुरणारी. सगळा मासा त्यालाच द्यायचा, एवढीच अट. मी मेहुण्याला म्हटलं, मिळून घेऊ. तो म्हणाला, "दिवाई व्हई जाऊ दे, मंग देखूत."

दिवाळीत आमचं जाळं त्याच्या ओट्यावर पडून असे. भाऊबीजेला मी त्यांच्याकडे गेलो. बहिणीने ओवाळलं, मेहुणा मांडीला मांडी लावून जेवला. दुसऱ्या सकाळी नदीवर पाहतो तर मेहुणा आणि त्याचा भाऊ पांढरंशुभ्र जाळं ओढताहेत, आणि माझं अर्धं बाभळीवर टांगलेलं. केसाने गळा कापतात तो असा. अर्ध्या जाळ्याने मी काय डबकी उपसायची?

शिव्या देत मी जाळं खाली ओढलं आणि कडेला हात थांबला. शिवण कापलेली नव्हती. एकेक गाठ सोडून दोरा नीट गुंडाळून ठेवला होता.

तसाच बहिणीच्या दारात गेलो. "गाठ कोनी सोडी?"

ती चुलीपुढून उठली नाही. "मीच सोडी, भाऊ. ते हातमा इळा लिसन बठेल व्हतात, नहीते जाळं फाडी टाकतात. आनि माले याच घरमा ऱ्हानं शे ना."

"कव्हय सोडी?"

तिने चुलीतली राख मागे सारली.

"धनतेरसले."

मेहुण्याचा राग पुढे निवला. तो परक्याचं पोर. पण हिने मला ओवाळलं, घास भरवला, मी नेलेलं लुगडं डोळ्यांना लावलं, तेव्हा माझं जाळं सोडून झालेलं होतं.