बोटींना पाणी पाजणारे कोच

आमच्या कोचसमोर पावसाचं नाव काढलेलं चालत नसे. त्या वर्षी सगळा मराठवाडा आभाळाकडं बघत होता. हॉटेलात, एसटीत, मयतीला जमलेल्या माणसांतसुद्धा पहिलं बोलणं पावसाचं असे. पण आमच्या शेडमध्ये कुणी चुकून म्हणालं, "सर, आज ढग दिसून राहिले," की कोच हातातलं काम खाली ठेवत आणि आवाज न चढवता म्हणत, "जा. धरणाच्या भिंतीपर्यंत पळून ये. तिथून अजून चांगले दिसतेत." उन्हात पळून आल्यावर बोलणाऱ्याला ढगाचा काय, सावलीचाही राग आलेला असे.

कोच मूळचे नांदेडचेच, नदीकाठच्या वस्तीतले. फौजेत गेले, तिथं वल्हवायला शिकले, पेन्शन घेऊन बाहेर पडले. त्याच सुमारास विष्णुपुरीच्या धरणात नवं पाणी साठलं होतं आणि आमच्या कॉलेजला वल्हवण्याचा संघ काढायची हौस आली होती. काठावर पत्र्याचं शेड उभं राहिलं, मागं दोन खोल्या झाल्या. एका खोलीत कोच, दुसरीत आम्ही संघातले चौघं. माणूस बुटका, मान खांद्यांत रुतलेली, दाढी रोज पहाटे घोटलेली. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही. आम्ही पहिल्यांदा विद्यापीठाची शर्यत जिंकलो तेव्हा काठावर उतरताच ते म्हणाले होते, "दुसऱ्या बोटीतले आजारी होते काय रे?"

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. आमच्या बोटीत सगळ्यांना ताल देणारा भास्कर होता, तो 'भोकर'. मी 'लातूर'. एकदा मी सांगून पाहिलं, "सर, मी मुरुडचा." लातूरचा वेगळा जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती आणि आमच्याकडच्या माणसांना त्याचा जरा तोराच होता. कोच म्हणाले, "जिल्हा पाह्यजे म्हणून बोंबलत होते ना तुमी? भेटला ना? मग आता लातूरच." नांदेडच्या माणसाला आमचा नवा जिल्हा खुपतो, असं मी मनाशी धरून ठेवलं. खरं तर त्यांना सगळंच खुपायचं.

वल्हवण्याचा हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. मधले महिने रिकामे. त्या वर्षी पावसाळा कोरडाच गेला, धरण भरलंच नाही आणि ते रिकामे महिने संपेनात. मधोमध डबक्यासारखं पाणी उरलं होतं. ते शहराला प्यायला राखीव, त्यावर पहारा. बाकी सगळी भेगाळलेली माती. रोज उजाडायच्या आत कोच आम्हाला त्या मातीवर पळवत. मग शेडमध्ये एका फळीवर सरकती बैठक बसवलेली होती, तिच्यावर बसून दोराला बांधलेली वाळूची पोती ओढायची. पोतं हललं नाही की ते म्हणत, "पाणी असल्यावर कुणीबी वल्हवतो. लाज नसलेलाबी वल्हवतो."

शेडमध्ये दोन बोटी होत्या. एक शर्यतीची, लांब, पातळ, व्हार्निशनं चकाकणारी. दुसरी शिकाऊ पोरांची, जाड फळ्यांची, बेढब. आम्ही तिला म्हैस म्हणायचो. दोन्ही लाकडी. लाकडी बोट फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि मग ती पाण्यात घालायच्या लायकीची राहत नाही. म्हणून कोच दोन्ही बोटींवर गोणपाटं अंथरत आणि ती रोज भिजवत. हे पाणी कुठून आणायचं? आमच्या वाटणीला टँकरचं मोजकं पाणी येई. कोचांनी तोड काढली. आम्ही चौघांनी एका पत्र्याच्या परातीत उभं राहून अंघोळ करायची, सांडलेलं पाणी ड्रममध्ये भरायचं आणि ते बोटींना घालायचं. साबण लाकडाला चालत नाही म्हणून आम्हालाही साबण बंद झाला. "अंगाचा वास येतोय, सर," असं कुणीतरी म्हणालं. "येऊ दे. पोरी यायच्या हायेत काय इथं?"

दुपारी उन्हानं पत्रे तापून कडकड वाजत. आम्ही भिंतीला टेकून पेंगायचो. कोच मात्र उपड्या बोटीशेजारी बसून सांध्यांवरून अंगठा फिरवत बसत. अशाच एका दुपारी ते आपणहून बोलले. "माझा बाप नाव चालवायचा. ह्या काठावरून त्या काठावर. पूल झाला अन् लोकं पुलावरून जाऊ लागली. बापानं नाव काठावर पालथी घातली. एका उन्हाळ्यात तिचे सांधे उघडले. इतके, की आतून उजेड दिसायचा." मी विचारलं, "मग?" ते म्हणाले, "मग काय? बाप बसला तिच्यापाशी. उठलाच न्हाई परत कामाला." एवढं बोलून त्यांनी मला ड्रमकडं पिटाळलं. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. माझ्या डोक्यात निराळंच होतं.

मी नुकताच मुरुडला जाऊन आलो होतो. आमचं भुसार मालाचं दुकान. घरात कधी कशाची ददात नव्हती. पण त्या उन्हाळ्यात माझी आई, जिला महादेवाच्या पूजेशिवाय पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची सवय नव्हती, ती टँकरमागं कळशी घेऊन पळत होती. गर्दीत पडून तिचं कोपर सोललं होतं. ते बघून आलो आणि इथं बोटींवर बादली उपडी होताना दिसली. मी म्हणालो, "सर, माणसांना प्यायला पाणी न्हाई, अन् आपण लाकडाला पाजून राहिलो."

"तुझ्या अंघोळीचं पाणी पेणार हायेत का माणसं?"

"जनावरं तरी पेतील."

"मग जनावरांचा कोच हो," ते म्हणाले. "माझी बोट भिजव."

आमचा स्वयंपाक शेजारच्या वस्तीतल्या रुक्मिणबाई करायच्या. धिप्पाड बाई, नवरा नसलेली, घरी दोन गाई. कोचांचं आणि त्यांचं पहिल्यापासून पटत नव्हतं. ते भाकरीला नावं ठेवत, त्या त्यांच्या देखत पीठ कमी मळत. वस्तीतला हापसा आटला तेव्हा एका दुपारी रुक्मिणबाई आणखी बायका घेऊन शेडच्या दारात आल्या. सगळ्यांच्या हातात घागरी.

"सर, ड्रममधलं पाणी द्या. साबण नसतो म्हणतेत त्याच्यात. गाई पेतील."

"न्हाई."

"माझ्या गाईनं दोन दिस जीभ भायेर काढलीय."

"तिला मी आणलं नव्हतं इथं."

एक म्हातारी पुढं झाली. तिनं ओल्या गोणपाटाला हात लावला, हात तोंडावरून फिरवला आणि म्हणाली, "लेकराला थंड ठेवावं तसं ठेवलंय गं ह्यानं." कोच तिच्या अंगावर ओरडले, "हात काढा." रुक्मिणबाईंचा आवाज चढला. "तुमाला आगं ना मागं. लाकडं सांभाळा अन् त्याच लाकडावर जळा." कोच दारात आडवे उभे राहिले. "हाव, जळतो. निघा."

मी ड्रमपाशीच होतो. मी ड्रम ढकलत दाराशी आणला आणि बादलीनं त्यांच्या घागरी भरू लागलो. बाकीचे तिघं जागेवरून हलले नाहीत. कोचांनी मला अडवलं नाही. ड्रम रिता होईपर्यंत नुसते बघत राहिले. बायका गेल्यावर म्हणाले, "लातूर, तुझी बॅग भर. माझ्या बोटीत तुला जागा न्हाई." मी म्हणालो, "मलाबी तुमच्या बोटीत बसायचं न्हाई." ते मी मनापासून म्हणालो होतो, आणि आजही तो ड्रम पुन्हा समोर आला तर मी तेच करीन.

परीक्षा तोंडावर होती, म्हणून मला ती खोली महिनाभर वापरू देण्यात आली. त्यामुळं पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाई पुन्हा आल्या. कोच त्यांच्याकडं न बघता शेडच्या मागं निघून गेले. त्या दिवसापासून आमच्या अंघोळीचं पाणी वस्तीतच गेलं. कोचांनी 'न्या' म्हटलं नाही, आणि 'नेऊ नका' असंही नाही. रुक्मिणबाईंच्या हातची भाकरी मात्र त्यांनी सोडली. स्वतः स्टोव्हवर पिठलं रटरटवून खाऊ लागले. मग त्यांची दाढी वाढायला लागली. फौजेतला माणूस, दाढीचे खुंट गालावर घेऊन हिंडताना ओळखू येईना. स्वतःच्या वाटणीचं पाणी, अंघोळीचं, दाढीचं, धुण्याचं, ते गोणपाटांवर घालत होते.

पण एका माणसाच्या पाण्यात दोन बोटी भिजत नाहीत. एका सकाळी आम्ही पळून आलो तर शर्यतीची बोट नागडी पडलेली. तिच्यावरची सगळी गोणपाटं काढून कोचांनी म्हशीवर टाकली होती. मी पळायला का जात होतो, तर सवय. संघातून काढलेल्यानं मातीवर पळू नये असा काही त्यांनी हुकूम काढला नव्हता.

भास्करला आधी कळेना. मग कळलं. भोकरजवळच्या खेड्यातलं त्याचं घर. आईवडील दोघं रोजगारावर जाणारे, सबंध वस्तीत कॉलेजला पोचलेला तो पहिला. अखिल भारतीय शर्यतीत उतरल्याचं प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागेल, एवढ्या एका आशेवर तो वाळूची पोती ओढत होता. त्या पातळ बोटीशिवाय ती शर्यत नव्हती.

"सर, ही मरंल."

"मालूम हाय."

"मग ती जाड का वाचवून राहिलेत? शर्यत हिच्यावर हाय आमची."

कोच म्हणाले, "हिच्यावर चौघं जिंकतेत. तिच्यावर नवी पोरं शिकतेत. एकच वाचणार हाय."

"आमच्या अंगावर पाय देऊन?"

"हाव. तुमच्या अंगावर पाय देऊन."

भास्करनं हातातलं वल्हं भिंतीवर फेकलं. ते मोडलं नाही, नुसतं घरंगळत कोचांच्या पायाशी आलं. कोचांनी ते उचलून खुंटीला लावलं. भास्कर त्याच दिवशी गेला. जाताना माझ्याशीही बोलला नाही. त्याच्या लेखी ड्रम ओतणारा आणि गोणपाटं काढणारा, दोघं एकाच माळेचे मणी होते. थोड्याच दिवसांत शर्यतीच्या बोटीला कण्यापाशी तडा गेला. कोच रोज तिच्याजवळ जात, तड्यात करंगळी घालून बघत आणि म्हशीकडं परत येत.

परीक्षा झाली आणि मी निघालो. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जागा निघत होत्या. वडिलांनी निरोपावर निरोप धाडले होते. लातूरला कारकून म्हणून लागलो आणि तिथंच रुजलो. धरण पुढच्या पावसाळ्यात भरलं. मी कॉलेजातून दाखला न्यायला नांदेडला आलो तेव्हा विष्णुपुरीला वाट वाकडी केली. म्हैस पाण्यात होती. तीत चार काटकुळी पोरं वेडीवाकडी वल्ही मारत होती आणि काठावर कोच, गुळगुळीत दाढी केलेले, त्यांना शिव्या घालत होते. माझ्याकडं नजर गेली तशी म्हणाले, "काठावर गर्दी करू नका." काठावर मी एकटाच होतो.

स्वयंपाकाच्या खोलीत रुक्मिणबाई भेटल्या. एक गाय वाचली होती, एक गेली होती. मी विचारलं, "आता पटतं का सरांशी?" त्या भाकरी उलटत म्हणाल्या, "कशाचं पटतंय. माणूस वाईटच हाय. पर तोंडावर एक अन् मागं एक, असलं न्हाई त्याचं." आणि कोचांसाठी भाकरी वेगळी काढून ठेवली. ती ते खातात का, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भास्करचा फोन आला. मैदानावर पळण्याची परीक्षा मारून तो पोलिसात लागला होता, पुढं फौजदार झाला होता. इतक्या वर्षांत तो माझ्याशी बोलला नव्हता. म्हणाला, "म्हातारा सरकारी दवाखान्यात हाय. आता ह्यातून निघत न्हाई म्हणतेत. तोंडावर एक इचारायचं राह्यलंय माझं. येतो का?" मी पहिल्या एसटीनं गेलो.

कोच खाटेवर उरले होते ते हाडांपुरते. खांद्यांत रुतलेली मान तेवढी तशीच. आम्हाला बघून म्हणाले, "तमाशा हाय का इथं?" भास्कर खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. वर्दीतल्या माणसानं टोपी काढून काखेत धरली.

"सर, आमची बोट का मारली तुमी?"

कोचांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "नोकरी लागली का तुला?"

"लागली."

"त्या बोटीमुळं लागली का?"

"न्हाई."

"मग काय इचारतो? जावा आता. दोघंबी जावा."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आम्ही बाहेर आलो. भास्कर जिन्याकडं निघाला, चार पायऱ्या उतरला आणि परत वर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मीही बसलो. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. "ते विचारतायत, दोघं गेले का म्हणून. काय सांगू?"

"न्हाई गेले म्हणून सांगा," भास्कर म्हणाला.

ती आत गेली आणि लगेच परत आली. जरा संकोचून म्हणाली, "म्हणाले, बसायचं तर बसा म्हणावं, पण गप बसा."

आम्ही गप बसलो. दिवे लागले, भेटायला आलेली माणसं निघून गेली, पण आम्हाला कुणी उठवलं नाही.