डाळमिलचा हरवलेला पट्टा

डाळमिलच्या पट्ट्याची ती चौकशी निवृत्तीनंतरही विसरता आलेली नाही.

मेहकर तालुक्यातील एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तुरीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सकाळची हजेरी चालू असताना जानेफळकडच्या एका मिलचा तरुण मालक अर्ज घेऊन आला. मोटारीचा पट्टा रातोरात गायब झाला होता. संशय हमालांच्या मुकादमावर.

"आजच आत टाका त्याले," मालक म्हणाला.

मुकादमाची हयात याच मिलमध्ये गेली होती. चोरीचा गुन्हा लागला असता, तर पंचक्रोशीत त्याला कोणी पोत्याला हात लावू दिला नसता. म्हणून आधी पंचनामा केला. कुलूप शाबूत होते. पट्टा कापलेला नव्हता. मोटार सैल करून काढला होता आणि बोल्ट ओळीने मांडून ठेवले होते. चोराला एवढी सवड नसते.

मुकादमाने जबाबात एकच वाक्य दिले, "सायेब, मिल आमची बी हाय."

गेटबाहेरचा चहावाला मात्र हळूच बोलला, "मिल बंद हाय, पन चहा जोरात खपून राह्यला. पाहा बरं."

पाहिले. तुरीच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या होत्या. दुसरी मिल जवळच होती, तरी एकही ट्रॅक्टर वळला नव्हता. पहिल्या ट्रॉलीवर एक म्हातारा शेतकरी बसला होता.

"मिल बंद आहे, काका. थांबलात कशाला?"

"पट्टा येईन ना."

"कुठून? वर चढून बघू का?"

"काऊन पॅन्ट खराब करता सायेब? माह्याच पोत्याखाली हाय."

मग सगळे उलगडले. हंगामाची पहिली डाळ निघाली की मालकाचे वडील तिचेच वरण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे करीत. शेतकरी, हमाल, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांना पंगतीत स्वतः वाढत. वडील गेल्यानंतर मुलाचा हा पहिलाच हंगाम.

"यानं गेटवर मिठाईचा डबा हाती देल्ला," म्हातारा म्हणाला. "बसा म्हनलं नाही."

पट्टा मुकादमाने काढला होता, लपवला शेतकऱ्यांनी.

मी मालकाला गेटवर आणले. "तुमचं नुकसान करायचं असतं, तर ही रांग शेजारच्या मिलपुढे दिसली असती."

मुकादम रांगेजवळच उभा होता. मालक त्याच्यापुढे गेला. म्हणाला, "काका, गोवऱ्या कोठून आनू?"

गुन्हा दाखल झालेला नव्हता. वस्तू मिळाली, तक्रार नाही, असा मालकाचा जबाब घेऊन अर्ज निकाली काढला. दुपारी तो घामाघूम होऊन वाढत होता. "मालक, वरनात कंजुषी नको," मुकादम पंगतीतून ओरडला. मिल संध्याकाळी सुरू झाली.

घटनास्थळावरून कोण पळाले, हे शोधण्यातच माझी सगळी नोकरी सरली. कोण थांबले आहे, हेही बघावे लागते, ते त्या दिवशी कळले. अजूनही एखाद्या बंद शटरपुढे माणसे निवांत बसलेली दिसली, की मी गाडी हळू करतो.