पडेल ते काम

आरागिरणीत कानसदादांना शोधायचं तर मागच्या शेडमध्ये जावं लागे. पुढच्या अंगाला मोठी यंत्रं, ट्रक, भुसा आणि आरडाओरडा. मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक लांब बाक, एक ऐरण, भिंतीवर गुंडाळून टांगलेली पाती आणि दादा. लोक पेन अडकवतात त्या खिशात त्यांच्याकडे कायम एक छोटी कानस असे, म्हणून हे नाव. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं.

गिरणीचं पातं म्हणजे वीतभर रुंद पोलादी पट्टा. टोकं जोडून गोल केलेला आणि दोन भल्यामोठ्या चाकांवर फिरणारा. दिवसभर लाकूड कापून तो तापतो, सैलावतो, फिरता फिरता वळवळायला लागतो. मग फळ्या वाकड्या निघतात, आणि पातं तुटलंच तर समोर उभ्या असलेल्या माणसाचं काही खरं नसतं. दादा ते पातं ऐरणीवर घेत, उजेडाकडे तिरपं धरून बघत आणि हातोडीने मोजके ठोके देत. मधला भाग कडांपेक्षा केसभर सैल ठेवायचा, म्हणजे कडा तापल्या तरी पातं ताठ राहतं. हे ते आधीच्या म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी नऊ वर्षं उभे राहून शिकले होते. पुढे सव्वीस वर्षं त्यांनी एकट्याने ऐरण सांभाळली, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही पातं चालताना तुटलं नाही. शाळा मात्र सातवीतच सुटली होती.

मग वरून हुकूम आला की यापुढे प्रत्येक कामाला पायरी. पहिली अकुशल, दुसरी अर्धकुशल, तिसरी कुशल, चौथी तज्ज्ञ. प्रत्येक पायरीला किती शिक्षण हवं तेही छापलेलं होतं: पहिलीला अक्षरओळख, दुसरीला पूर्ण शाळा, तिसरीला दोन वर्षांचं तंत्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चौथीला पदवी. ज्याने हे ठरवलं त्याने आयुष्यात कधी हातोडी उचलली होती की नाही, देव जाणे.

सगळ्यांना फॉर्म वाटले गेले. ‘कामाचे स्वरूप’ यापुढे तीन ओळी कोऱ्या होत्या. दादांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘पडेल ते काम’.

का लिहिलं असं? तर आपली टिमकी आपणच वाजवू नये, हे त्यांच्या हाडामांसात भिनलेलं. मोठ्यांनी काम विचारलं की मान खाली घालून ‘सांगाल ते’ म्हणायचं, हीच त्यांची रीत. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. लाकूड वाळवायच्या भट्टीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाने ‘सांगतील तसं’ लिहिलं होतं. आणि दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या सुपरवायझरने तीन ओळी पुरेनात म्हणून वर जादा कागद जोडला.

यादी लागली. कानसदादा, पहिली पायरी, अकुशल. नियमांच्या पुस्तकात अकुशलची व्याख्याच अशी होती की, नेमून न दिलेलं, वेळेला पडेल ते काम करणारा.

दादा यादीसमोर उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. ते तसेच मॅनेजरकडे गेले.

“अहो दादा, कागद गेला खड्ड्यात,” मॅनेजर म्हणाले. “शेड तुमची, ऐरण तुमची. मी असेपर्यंत कोणी हात लावणार नाही.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

मॅनेजरनी पेपरवेट फिरवला. “नियम असा आहे की अकुशल माणसाला कुठेही हलवता येतं. पण आत्ता कोण हलवतंय?”

घरी बायकोचंही तेच म्हणणं पडलं. “अकुशल म्हटल्यानं काय अंगाला भोकं पडतात? गप आपलं काम करा.” पण दादांच्या मनातून ते जाईना. उद्या नवा मॅनेजर येईल आणि बोट दाखवून म्हणेल, जा त्या फळ्या उचल. ऐरण जायची ती एका शब्दापायी. ती पक्की करून घ्यायलाच हवी होती.

यादीविरुद्ध वर्गीकरण कचेरीत अपील करता येत होतं. ते लिहायला बसली सून. ती औषधांच्या दुकानात काउंटरला होती. फॉर्म, नियम, बारीक अक्षरं यांना ती घाबरत नसे.

“बाबा, ठोका कुठे द्यायचा हे तुम्हाला कसं कळतं?”

“दिसतं.”

“काय दिसतं?”

“चुकलेलं दिसतं.”

सुनेने पेन खाली ठेवलं. “हे असं लिहिलं तर आहे ती पायरीसुद्धा काढून घेतील.”

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती शेडमध्ये येऊन स्टुलावर बसली. दादांनी ठोका दिला की विचारायची, हा का? पट्टी लावली की, आता काय बघितलंत? दादा वैतागले. दोनदा म्हणाले, “अगं, काम करू दे की.” पण ती चिवट होती. एक आड एक दात डावी-उजवीकडे किती कलवायचा, कुठल्या लाकडाला किती, पात्यावर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून त्यातली चीर किती खोल गेलीय ते कसं ओळखायचं, सगळं तिने काढून घेतलं. चार पानं झाली. दादांनी ती सावकाश वाचली, सही केली आणि पानं परत दिली.

वर्गीकरण कचेरीतून एक बाई तपासणीला आल्या. भल्या बाई होत्या. तासभर उभ्या राहून त्यांनी काम पाहिलं आणि अपिलातली चार पानं एकेक ओळ पडताळली. जाताना म्हणाल्या, “हे अकुशल? कोणी ठरवलं हो?” त्या दिवशी दादांनी आल्या आल्या बायकोला ही हकिकत दोनदा सांगितली, आणि जेवताना तिसऱ्यांदा.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अपील मंजूर. पाती दुरुस्तीचं काम पहिल्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर नेलं होतं. यापुढे ते काम प्रमाणपत्रधारकानेच करायचं. आणि सध्याच्या कामगाराकडे प्रमाणपत्र नसल्याने त्याला सोमवारपासून त्याच्या पायरीच्या कामावर घ्यावं, म्हणजे आवारात फळ्या रचायला.

दादांनी पत्र खिशात कोंबलं आणि थेट कचेरी गाठली.

“बाई, तुम्ही स्वतः बघून गेलात ना?”

“म्हणूनच तर मंजूर झालं. तुमचं म्हणणं आम्ही शब्दन् शब्द मान्य केलंय.”

“माझं काम मोठं केलंत आणि मलाच त्यातून काढलंत? पस्तीस वर्षं त्या शेडमध्ये काढली मी. ती कुठे गेली?”

“अनुभवाचा रकाना आहे. पण तो शिक्षणाच्या जागी धरता येत नाही.” बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “खरं सांगू? तुम्ही अपील केलं नसतं ना, तर तिकडे कोणी बघायला आलंच नसतं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दादांना ओरडायचं होतं. पण ओरडणार कोणावर? बाईंनी नियम पाळला होता, मॅनेजरनी आधीच सांगितलं होतं, सुनेने जीव ओतून लिहिलं होतं. सगळे आपापल्या जागी बरोबर. ऐरण मात्र गेली ती गेलीच. ते चालत घरी आले.

सुनेने पत्र वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग ती त्यांच्यासमोर बसली. “बाबा, मी कमी लिहायला हवं होतं का?”

“नाही. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात.”

“मग?”

“इतकी वर्षं मी नुसतं करत गेलो,” दादा म्हणाले. “मला काय काय येतं, ते तुझी पानं वाचली तेव्हा पहिल्यांदा कळलं. नसतं कळलं तर फळ्या उचलायला एवढं जड गेलं नसतं.”