बोंबलाची तालीम
सुका बोंबील भाजायला घेतला की मला काकांची झाई गावातली चिकूवाडी आठवते. २०१७ साली त्यांच्या कुत्र्याने चिकूच्या व्यापाऱ्याची पोटरी फाडली, म्हणून कुत्र्यांचं वागणं सुधारणाऱ्या एका बाईंना मुंबईहून बोलावलं होतं. ‘सकाळी उपाशी ठेवा, आवडीचं काहीतरी हाताशी असू द्या,’ एवढंच त्या फोनवर म्हणाल्या होत्या. पण परक्या बाईसमोर आपली शोभा नको, म्हणून काका आदल्या दिवसापासूनच तयारीला लागले. कुत्र्याच्या नाकासमोर भाजलेला बोंबील धरायचा आणि त्याने तोंड पुढे केलं की चिकू उतरवायच्या बांबूचा फटका द्यायचा. काकू आतून ओरडली, ‘अहो, मरेल तो!’ ‘मरत नाय, शिकतो.’ दुसऱ्या दिवशी बाईंनी बोंबील पुढे केला, तेव्हा कुत्र्याने मान फिरवली आणि बसल्या जागीच तो थरथरत मुतला. ‘मारता का याला?’ बाईंनी विचारलं. ‘मग! तुमच्यासाठीच तयार केलाय,’ म्हणत काकांनी तो बांबू कौतुकाने आणून दाखवला. आता माझं कुत्रं बोंबलाच्या वासाने ओट्यावर पाय टाकतं. काका आले की त्याच्याकडे बघून म्हणतात, ‘याला कोणी शिकवलंच नाय.’