सागवानी काठी आणि मोकळे हात

माझा एक दुर्गुण आधीच कबूल करतो. लकडगंजात चाळीस वर्षं लाकडाचा धंदा केला, त्यामुळे आपल्याइतकं कुणाला काही कळत नाही, ही मस्ती अंगात भिनली होती. स्कूटर घसरून डावा घोटा आणि उजवं मनगट एकदमच मोडलं, बरगड्यांनाही मार बसला, पण मस्ती तेवढी शाबूत राहिली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, "पायावर थोडा भार चालेल, पण आधार कुठला घ्यायचा ते मला दाखवून ठरवा." मी मात्र वखारीतून जुन्या सागवानाची काठी घडवून घेतली. पितळी मुठीची, बघत राहावं अशी.

काठी देखणी होती, पण धरायची कुठल्या हातात? उजव्याला प्लास्टर. डाव्यात धरली की तोल मोडक्या पायाकडेच जायचा. बगलेत कुबडी घ्यावी तर बरगड्या ठणकायच्या. शेवटी बायकोच माझा आधार झाली. दीड महिना पलंगापासून न्हाणीपर्यंत मी तिच्या खांद्यावर रेलून जायचो. एकदा तिचा पदर सरकला आणि खांद्यावरचा काळानिळा डाग दिसला. "काही नाही वो, चौकट लागली," ती म्हणाली. मला रडूच आलं. मनातल्या मनात मारुतीरायाला म्हणालो, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण हिचा खांदा सोडव.

त्याच आठवड्यात, शनिवारी ऑटोने आम्ही सक्करदऱ्याकडच्या लहानशा मारुतीच्या देवळात गेलो. सभामंडपाच्या फरशीवर काठी सटकली. बायकोने कवेत धरलं म्हणून वाचलो, पण दोघंही मटकन खाली बसलो. ओट्यावर बसलेली एक बाई धावत आली. साधीशी, पन्नाशीची असेल. माझा हात बघून म्हणाली, "भाऊ, हात असा असून काठी काहून घेऊन राहिले?" मग ओट्यावरून चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. उघडलं तर वॉकर. डावीकडे नेहमीची मूठ आणि उजवीकडे कोपरापासून हात टेकवायला गादी लावलेली पन्हळीसारखी पट्टी. मनगटावर भारच यायला नको. असं काही असतं हेही मला ठाऊक नव्हतं.

"आमच्या मालकाचा आहे," ती म्हणाली. "त्यायचाबी उजवा हात अन् पाय संगच मोडला होता. आता धडधाकट फिरून राहिले. मारुतीले बोलली होती, ज्याले लागन त्याले देईन. तीन शनिवार झाले, घेऊन बसते. पण डाक्टरले दाखवल्याबिगर वापरू नका, भाऊ."

मी पाकिटाला हात घातला तर तिने डोळे वटारले. आम्ही सावरून उठेपर्यंत ती निघूनही गेली. नाव विचारायचं राहिलं. सोमवारी मॅडमनी वॉकरची उंची माझ्या कोपराला जुळवली, चालून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "मी हाच सांगणार होते. तुम्ही विचारलं असतं तर!" मी मान खाली घातली.

पुढच्या शनिवारी देवळात माझा मी चालत गेलो. धापा टाकत, गोगलगायीसारखा, पण माझा मी. मारुतीसमोर थांबलो आणि शेजारी पाहिलं. बायको दोन्ही हात जोडून, डोळे मिटून उभी होती. इतके दिवस तिचा एक हात कायम माझ्या कमरेला असायचा, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

"काय मागितलं वं?" मी विचारलं.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "दीड महिन्याचे नमस्कार राहिले होते, ते केले."

त्या बाईला मारुतीनेच बसवलं होतं का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आता मी आधाराशिवाय चालतो. वॉकर त्याच चादरीत गुंडाळून दर शनिवारी त्या ओट्यावर घेऊन बसतो. बायकोही बसते. तो कुणाकडे जाणार ते मी ठरवत नाही. ठरवणारा समोरच उभा आहे, एवढी साधी गोष्ट कळायला मला हाडं मोडून घ्यावी लागली.