दार अडवणारी माणसं

दवाखान्यात डॉक्टरीणबाई भिंतीवरचं श्वासनळीचं चित्र दाखवत होत्या. "साधी धूळ शिरली तरी एक पेशी हाकाटी करते. बाकीच्या मदतीला धावतात, आणि त्यांच्या धावपळीनेच नळी आतून सुजते. हाच तुमचा दमा."

मला आमची चाळ आठवली. वडिलांना धाप लागली की आई फक्त शेजारच्या काकूंना हाक मारायची. पण ओव्याची पुरचुंडी, गरम पाणी, अंगारा घेऊन अख्खा मजला आमच्या खोलीत शिरायचा. मायेनेच वाऱ्याची वाट अडायची. शेवटी आई ओरडायची, "अहो, दार सोडा, वारा लागू दे त्यांना!"

माझा फ्लॅट चांगला हवेशीर आहे. धाप लागली की पंप घेते आणि दार उघडं ठेवते. ते अडवायला कुणी येत नाही.